पाहुणे जाईपर्यंत

पाहुणे येणार म्हटलं की माझे गुडघे आदल्या दिवशीच दुखायला लागतात. खोटं नाही सांगत. आमचं चिम्फेपो गाव डांबरी रस्त्याला लागून आहे, हेच आमचं नशीब आणि हीच आमची पीडा. राजधानी लिलाँग्वेहून सकाळी निघालेली गाडी पाहुण्यांना आमचा दवाखाना दाखवून जेवणाच्या वेळेला हॉटेलात परत पोचवते. पलीकडे डोंगरातल्या बायका आमच्यापेक्षा गरीब आहेत, पण तिथल्या वाटेवर गाडीचं पोट घासतं. म्हणून जगातल्या सगळ्या देशांना मलावीतली गरीब बाई बघायची झाली की ते आमच्याकडे येतात.

आणि आले की गाणं कोण म्हणणार? मागिलिना. म्हणजे मी. नॉर्वेचे आले, जर्मनीचे आले, जपानचे आले, मी सगळ्यांसाठी गायले. गाणं तेच, फक्त देशाचं नाव बदलायचं. एकदा मी आधीच्याच पाहुण्यांच्या देशाचं नाव घेऊन गाणं शेवटपर्यंत रेटलं, तरी नव्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा नवरा होता तोवर म्हणायचा, तू मेलीस आणि तेवढ्यात पाहुणे आले तर पेटीतून उठून दोन कडवी म्हणशील आणि मग पुन्हा आडवी होशील. तो गेला, पाहुणे काही थांबले नाहीत.

त्या दिवशी आयर्लंडचे यायचे होते. आता आयर्लंडवाल्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. दवाखान्याच्या मागे विटांचं लांब घर आहे ना, दिवस भरत आलेल्या बायकांसाठीचं, ते त्यांच्या पैशावर उभं राहिलं. लांबलांबच्या बायका शेवटचा महिना तिथे येऊन राहतात, सोबत आई नाहीतर सासू असते, अंगणात चुली पेटतात, गप्पा चालतात, भांडणंही होतात. दुसरी सुईण एनिफा, तिचा पगार त्यांचा. रुग्णवाहिका त्यांची, तिचं तेलही त्यांचंच. आमचे म्फुमू काम्वेंडो, म्हणजे गावचे प्रमुख, त्यांनी तर कायदाच केला होता की जी घरी बाळंत होईल तिच्या घरच्यांनी एक बकरी दंड भरायचा. बायकांनी शिव्या दिल्या, पण आल्या. आणि ते घर झाल्यापासून तिथे एकही बाळंतीण दगावली नव्हती. हे वाक्य काम्वेंडो प्रत्येक पाहुण्यासमोर बोलायचे. बोलताना त्यांची छाती अशी फुगायची की सदऱ्याची बटणं तुटतात की काय असं वाटायचं.

या खेपेला मात्र ते घाबरलेले होते. जिल्ह्याच्या कचेरीतून कुणकुण आली होती की आयर्लंडवाले आता हात आखडता घेणार. काम्वेंडोंचं म्हणणं, त्यांच्या डोळ्यांना सगळं नीट दिसलं तर ते कशाला जातील? म्हणून या वेळी पाहुण्यांना आमच्या बाकड्यांवर बसवायचं नाही. मंडप हवा, खुर्च्या हव्यात. त्या जिल्ह्याच्या गावी भाड्याने मिळतात. आणायच्या कशातून? गावात चारचाकी एकच, रुग्णवाहिका. आदल्या दिवशी दुपारी ती गेली. मंडपवाला म्हणाला माल सकाळी देतो, म्हणून ड्रायव्हर तिथेच राहिला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसली गत.

आणि त्याच रात्री तिसुंगेला कळा सुरू झाल्या.

तिसुंगे म्हणजे माझी मैत्रीण फालेसी, तिची मुलगी. फालेसी काम्वेंडोंची पाठची बहीण. आमच्यात भाचरं मामाची असतात. माणसाची स्वतःची पोरं त्याच्या बायकोच्या भावाची, आणि बहिणीची पोरं त्याची. त्या हिशेबाने तिसुंगे काम्वेंडोंचीच लेक. तिचं लग्न त्यांनी लावलं, तिचा नवरा दक्षिण आफ्रिकेत खाणीत गेला तेव्हा तिला परत घरी त्यांनीच आणली.

त्या विटांच्या घरातच मूल झालं. मुलगी, चांगली धडधाकट, आल्या आल्या कोकललीसुद्धा. पण तिसुंगेचं रक्त थांबेना. एनिफाने जे करायचं ते सगळं केलं, मी तिथेच होते, पाणी तापवत होते. शेवटी ती म्हणाली, हिला रक्त चढवायला हवं, आणि ते जिल्ह्याच्या इस्पितळातच होईल. ड्रायव्हरला फोन लावला, तो बंद. कुणी बैलगाडी जुंपायला पळालं. बैलगाडी दाराशी लागेपर्यंत उजाडायला आलं होतं आणि तिसुंगे गेली होती. फालेसी तिच्या तोंडावरून हात फिरवत होती. रुग्णवाहिका आली ऊन वर आल्यावर. आत, जिथे बाईला निजवायचं तिथे, पांढऱ्या खुर्च्या एकात एक घालून दोरीने बांधलेल्या.

आता आमचा रिवाज सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात मयत झालं की पहिला हंबरडा आईचा. आई नसेल तर मावशीचा. तिने आवाज काढला की मग ढोल वाजतो, मग बाकीच्या बायका रडतात, मग कबर खणणारे फावडी उचलतात. आणि एकदा ढोल वाजला की सगळं बंद. शेतात कोणी कुदळ मारत नाही, उखळात मुसळ पडत नाही, सभा नाही, काही नाही. एकदा प्रत्यक्ष जिल्हाधिकारी आले होते, आणि काम्वेंडोंनी त्यांना वेशीवरून परत पाठवलं, कारण गावात एक म्हातारा वारला होता. साहेब, आज आमच्याकडे मयत आहे, उद्या या. असा कडक माणूस.

आणि आईने रडण्याआधी कोणीही रडायचं नाही. तोवर मरण झालेलंच नसतं.

काम्वेंडो आले ते टोपी हातात घेऊन. तिसुंगेजवळ बसले, तिच्या कपाळाला हात लावला.  मग दार लोटून घेतलं. आत आम्ही चौघंच, ते, फालेसी, एनिफा आणि मी.

ते म्हणाले, "फालेसी, रडू नकोस."

मला वाटलं समजूत घालतायत.

"पाहुणे जाईपर्यंत," ते म्हणाले. "तोवर एक आवाज नको. आज त्यांना कळलं की या घरात बाई मेली, आणि ती गाडी खुर्च्या आणायला गेली होती म्हणून मेली, तर उद्या हे घर बंद. अंगणात आत्ता किती जणी बसल्यात बघ. त्यांनी कुठे जायचं?"

मी म्हटलं, म्फुमू, हे काय बोलताय तुम्ही? पोर थंड पडलीय आणि आम्ही बाहेर नाचायचं?

"मागिलिना, भाची माझी आहे," ते म्हणाले. "मला कळत नाही का? मीच धाडली गाडी. माझं मी नंतर बघेन, आयुष्यभर बघेन. पण आज नको." आणि मग त्या माणसाने, ज्याच्यासमोर अख्खं गाव वाकतं, धाकट्या बहिणीपुढे हात जोडले.

मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट असते तर मलाही सोपं झालं असतं.

 फालेसीने डोक्याचं फडकं सोडलं, त्याचा बोळा केला आणि दातांत धरला. बाळ एनिफाने दुसऱ्या बाळंतिणीच्या कुशीत दिलं. कोपऱ्यातल्या खोलीत तिसुंगेला ठेवली, फालेसी तिच्या पायांशी बसली, दाराला बाहेरून कडी घातली. आणि मी गेले कपडे बदलायला. हिरवं-पांढरं-भगवं कापड वाटलं होतं आम्हाला, त्यांच्या झेंड्याचे रंग. जळलं मेलं ते कापड, नेसवेना.

गावाला कळलं नसेल असं समजू नका. गावात काय लपतं? सगळ्यांना कळलं होतं. पण आई रडली नव्हती, म्हणून सगळे ठरल्यासारखे मंडपात येऊन बसले. कबर खणणारी पोरं फावडी झाडाला टेकवून तिथेच खाली बसली.

पाहुण्यांच्या तीन गाड्या आल्या. मी सूर लावला, बायकांनी उचलला. पाय आपोआप पडतात हो, इतक्या वर्षांची सवय. फक्त कोणी हसत नव्हतं. एरवी आमच्यात दोघीतिघी वाह्यात आहेत, पाहुण्यांच्या नाकाडोळ्यांवर आमच्या भाषेत काहीतरी जोडून गातात. त्या दिवशी त्यासुद्धा गप्प.

पाहुण्यांची पुढारी एक पिकल्या केसांची बाई होती, नोरीन नावाची. डब्लिनच्या मोठ्या कचेरीतली मोठी अधिकारी. पण तिने गाडीतून उतरता उतरता आमच्या चिचेवा भाषेत रामराम केला तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. तरुणपणी ती इथे मिशनच्या शाळेत शिकवायला होती म्हणे. तिची चिचेवा जुनी होती, आमच्या आया बोलायच्या तशी. खुर्चीत बसली ती दमून बसली. आम्हीही दमलेलो, तीही दमलेली. माझ्या मनात आलं, ही बाई आपल्यासारखीच आहे, हिचेही गुडघे गेलेत.

काम्वेंडोंचं भाषण सुरू झालं. तुमचा देश लहान, आमचा देश लहान. तुमच्यावरही एके काळी त्याच इंग्रज साहेबाचं राज्य, आमच्यावरही त्याचंच. तुम्हीही उपाशी मेलात, आम्हीही. म्हणून जगाच्या मोठ्या पंगतीत तुम्हाला बसायला मिळतं तेव्हा तुम्ही आमचं नाव काढता. हे भाषण मला पाठ आहे. पुढचं वाक्य कोणतं तेही पाठ होतं. हे घर झाल्यापासून इथे एकही बाळंतीण दगावली नाही. तिथे आले आणि थांबले. पाणी मागितलं, प्यायले, आणि ते वाक्य गाळून पुढे गेले. तेवढं खोटं त्यांच्याच्याने बोलवलं नाही.

नोरीनचं भाषणाकडे लक्षच नव्हतं. ती त्या विटांच्या घराकडे बघत होती. तिथून पाण्याला जायची वाट आहे. एक म्हातारा सायकल ढकलत आला, घरासमोर थांबला, टोपी काढली, जरासा खाली वाकला आणि मगच पुढे गेला. मागून दुसरा आला, त्यानेही तेच केलं. मयताच्या घरासमोर टोपी उतरवायची सवय हो. त्यांनाही भान नसेल. रडण्यावर बंदी घालता येते, पण टोपीला उठलेला हात कोण धरून ठेवणार?

मग आमचं दुसरं गाणं झालं. रीत अशी की पाहुण्यांनी उठून दोन पावलं आमच्यासोबत नाचायचं, मग सगळे हसतात, फोटो निघतात. नोरीन उठली, माझ्यापाशी आली, माझे दोन्ही हात धरले. पण नाचली नाही. हळूच विचारलं, "बाई, त्या घरात कोण वारलंय?"

मी काम्वेंडोंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता. मी म्हटलं, "माझ्या मैत्रिणीची मुलगी. पहाटे. बाळंतपणात."

ती म्हणाली, "आमच्या गावी मयत असलं तर दुकानदार दाराच्या फळ्या लावून घेतात. आणि तुम्ही मला गाणी ऐकवताय?" रागाने नाही म्हणाली. मला तिचा आवाज आजारी माणसासारखा वाटला. "चल. मला तिच्याकडे घेऊन चल."

मी बायकांना खूण केली की गाणं चालू ठेवा, आणि तिला घेऊन गेले. काम्वेंडो मागून जवळजवळ धावत आले, पण तोवर मी कडी काढली होती.

खोलीत अंधार होता. फालेसी सकाळी बसली होती तशीच बसलेली, तोंडात तोच बोळा. नोरीनने बूट बाहेर काढले. आत येऊन चटईवर बसली, पाय एका बाजूला घेऊन, आमच्या बायका बसतात तशी. तिने क्रॉसची खूण केली आणि तिसुंगेच्या पायावरच्या कापडाला हात लावला. मग फालेसीला म्हणाली, "बाई, रड. माझ्यासाठी थांबू नकोस."

फालेसीने बोळा काढला. "मी रडले तर हे घर बंद होईल," ती म्हणाली. "माझा भाऊ म्हणाला."

नोरीनने दारातल्या काम्वेंडोंकडे बघितलं. काम्वेंडो बोलायला लागले, गाडी, खुर्च्या, चूक माझी, गावाची नाही, या बायकांना शिक्षा नको. तिने हात वर केला.

"हे घर तसंही बंद होणार आहे," ती म्हणाली. "पावसाळ्यानंतर आमचे पैसे इथे येणार नाहीत. हे वसंतातच ठरलंय. मी ते सांगायलाच आलेय."

पुढचं तिने आमच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला, शब्द सापडेनात तरी सांगत राहिली. आता त्यांचा देश आपले पैसे एकट्याने देत नाही, अनेक देश मिळून एका मोठ्या थैलीत टाकतात. जिनेव्हाला त्यांची बैठक बसते, जिथे सगळ्यात जास्त बाळंतिणी मरतात ते जिल्हे तिथे निवडले जातात. आमच्या जिल्ह्यात कमी मरतात, म्हणून आमचं नाव निघालं नाही. ती त्या बैठकीत भांडली, पण बैठकीत तिच्या देशाचं मत एकच असतं. तिला भाषा येते म्हणून निदान तिच्या तोंडून कळवावं, असं वरच्यांनी ठरवलं. भाषणं झाल्यावर, जेवणाआधी, सांगणार होती.

म्हणजे चांगलं केलं म्हणून गेलं. बायका मरू दिल्या असत्या तर राहिलं असतं. मला हसूच यायला लागलं, असलं घाणेरडं हसू की मी पदर तोंडावर घेतला.

काम्वेंडो दाराची चौकट धरून उभे होते. वसंतात ठरलं होतं. त्या वेळी तिसुंगेचं पोट दिसायलाही लागलं नव्हतं.

फालेसीने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघून अगदी साधं विचारलं, लहानपणी विचारत असेल तसं. "दादा, मग आता रडू का?"

काम्वेंडो खाली बसले. मातीतच, चटई सोडून. "रड," ते म्हणाले.

फालेसीने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने पुन्हा उघडलं. नुसता श्वास. बाहेर बायकांचं गाणं चालूच होतं, आयर्लंडच्या मायबापांनो या, या. मी दारातून ओरडले की बंद करा, तेव्हा ते थांबलं. सगळं गाव मंडपातून उठून अंगणात आलं आणि आईचा आवाज यायची वाट बघत जमिनीवर बसलं.

आवाज आला नाही. पाहुण्यांपैकी तरुण पोरं इकडे तिकडे बघत उभी होती, मग एकेक करून तीही बसली. त्यांचा ड्रायव्हर दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. नोरीन बऱ्याच उशिरा उठली, फालेसीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. तिचे डोळे वाहत होते. पाहुणी होती, तिला रिवाज लागू नव्हता.

आम्हाला होता. आई रडली नाही म्हणून ढोल वाजला नाही. कबर खणणारी पोरं फावड्यांपाशी बसून राहिली. चुली पेटल्या नाहीत, पण सुतकासाठी विझवल्या असंही म्हणता येत नव्हतं. मी फालेसीला पाठीवर चोळलं, तिसुंगेच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या, बाळ आणून तिच्या मांडीवर दिलं. तिने बाळाला थोपटलं, निजवलं, परत माझ्याकडे दिलं. डोळे कोरडे ठाक.

शेवटी काम्वेंडोंना राहवेना. सकाळी रडू नकोस म्हणून हात जोडणारा माणूस आता रड म्हणून हात जोडायला लागला. "फालेसी, पोर ताटकळलीय," ते म्हणाले. "तिला जाऊ दे. एकदा आवाज काढ. तुझ्या पाया पडतो."

फालेसी तिसुंगेच्या पायांवरचं कापड सारखं करत होती. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू थांब म्हणालास म्हणून मी थांबले, दादा," ती म्हणाली. "आता तू थांब."

आणि आम्ही सगळे थांबलो.